कात्री उचलण्यापूर्वी

पावसाळा सरत आला आणि अंगणातील चिखल सुकू लागला की बेळगावकडील पुष्कळ घरांच्या परसात एक दृश्य हमखास दिसते. गुलाबाचे झाड पुरुषभर उंच झालेले असते; काड्या इकडेतिकडे झुकलेल्या, पाने मोजकी, आणि टोकाला एखादेच लहानसे फूल. घरातील वडील मंडळी म्हणतात, "झाड आता म्हातारे झाले." वस्तुतः झाड म्हातारे झालेले नसते, दोन-तीन वर्षे त्यावर कात्री चाललेली नसते, इतकेच.

आपल्या हाताने वाढविलेली फांदी तोडण्यास मन धजत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु याच्या उलट चूकही तितकीच घातक होय. एकदा हाती कात्री आली म्हणून प्रस्तुत लेखकाने गुलाबाबरोबर अंगणातील अनंतही माघ महिन्यात चांगला गुडघाभर छाटून टाकला. झाड जोमाने पालवले. पण त्या वर्षी त्यावर एकही फूल उमलले नाही. घरच्या वृद्ध माउली रोज सकाळी झाडापाशी जाऊन रिकाम्या हाताने परत येत. त्या काही बोलल्या नाहीत, पण चूक कोणाची हे सर्वांस ठाऊक होते.

छाटणीने झाड का फुटते, हे प्रथम समजून घेऊ. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात 'ऑक्झिन' नावाचे एक द्रव्य तयार होते. ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना निजवून ठेवते. 1933 साली थीमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी शेंगवर्गातील एका रोपाचा शेंडा कापून त्या जागी हे द्रव्य लावून पाहिले. तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. म्हणजे शेंडा गेला की डोळ्यांवरील हा अंमल उठतो आणि एका काडीच्या ठिकाणी दोन-तीन धुमारे निघतात. आपल्या शेजारच्या अथणी, विजयपूर व सांगलीकडील द्राक्षबागाईतदार वर्षातून दोनदा कात्री चालवितात: एप्रिलात खरड छाटणी, ती फलधारी काडी तयार होण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, ती प्रत्यक्ष फळासाठी. कोणत्या काडीवर काय येणार, हे जाणूनच ते फांदीस हात लावतात. घरच्या बागेतही नेमका हाच प्रश्न विचारावयाचा असतो: या झाडाचे फूल नव्या फुटीवर येते, की जुन्या काडीवर?

गुलाब, मोगरा, जाई, जुई, जास्वंद ही नव्या फुटीवर फुलणारी झाडे. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या काड्या प्रथम मुळापासून काढाव्यात. मग चार ते सहा निरोगी काड्या ठेवून प्रत्येकीवर चार-सहा डोळे राहतील इतपत कापावे. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरपा घ्यावा. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूस असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. कलमाच्या गाठीखालून निघणारा धुमारा हा मूळ खुंटाचा असतो. तो दिसताच उगमापासून काढून टाकावा. गावठी गुलाबास मात्र हलकीच छाटणी पुरते. छाटणीपासून सुमारे सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात. म्हणून नाताळास घरची फुले हवी असतील त्यांनी नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटू देऊ नये.

मोगऱ्यास हिवाळ्यात विश्रांती हवी असते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून त्याचे पाणी तोडावे, आणि डिसेंबरात जमिनीपासून सुमारे 45 सेंटिमीटरवर छाटणी करावी. पुढे खत-पाणी सुरू केले की उन्हाळ्यात कळ्यांनी वेल भरतो. जाई-जुईची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत होते. जास्वंदीचा एक-तृतीयांश भाग थंडी ओसरल्यावर कमी करावा. शेवंतीस कात्री नव्हे, बोटेच पुरतात: पावसाळ्यात कोवळे शेंडे दोन-तीन वेळा खुडावेत, मात्र ऑगस्टनंतर खुडू नयेत, कारण पुढे दिवस लहान होऊ लागले की तिला कळ्या धरावयाच्या असतात. फुले संपल्यावर जुने दांडे जमिनीजवळ कापले की बुंध्यापासून नवे फुटवे निघतात.

अनंताची रीत निराळी. त्याच्या कळ्या आधीच्या हंगामात तयार झालेल्या काडीवर येतात. म्हणून बहर संपताच त्यास हलका आकार द्यावा आणि मग हात आवरावा. हिवाळ्यात त्याची काडी कापणे म्हणजे पुढील बहरच कापणे होय. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या पुष्कळशा वेली-गुलाबांनाही हाच नियम लागू पडतो.

हत्यार धारदार असावे. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि तेथूनच मर सुरू होते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे. जाड कापांवर बोर्डो मलम लावावे: 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना मातीच्या अथवा प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून एक लिटर पाण्यात कालवले की ते तयार होते. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये. छाटलेली रोगट पाने झाडाखाली राहू देऊ नयेत, आणि बुंध्याशी कुजलेले शेणखत घालण्यास विसरू नये.

एक साधी सवय लावून घ्यावी. कोणते झाड कोणत्या महिन्यात आणि कोणत्या काडीवर फुलले, हे घरातील दिनदर्शिकेवर टिपून ठेवावे. दोन वर्षांत आपल्या अंगणाचे स्वतःचे पंचांग तयार होते.

त्या अनंतास पुढील हिवाळ्यात कोणी हात लावला नाही. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर त्यावर पांढऱ्या कळ्या दिसू लागल्या. माउलींनी पहिले फूल आणून लेखकाच्या मेजावर ठेवले आणि म्हणाल्या, "यंदा कात्री कुठे ठेवलीत, तेवढे मला सांगून ठेवा."