चार जी.बी.चा संसार

मध्यमवर्गीय घरात जुनी वस्तू सहसा निवृत्त होत नाही. तिची फक्त दुसऱ्या खोलीत बदली होते. आमच्या मुलुंडच्या घरातला टेबलावरचा संगणक मात्र २०१३ साली आला, तो अजून दिवाणखान्यातच ठाण मांडून आहे. अलीकडे तो इतका मंदावला, की एक पान उघडेपर्यंत केलेला चहा निवून जावा!

चिरंजीवांनी सरळ निकाल दिला, "बाबा, भंगारात द्या." सौ. म्हणाली, "अहो, आधी दुखणं काय आहे ते तरी बघा." मी दुसऱ्या पक्षाला मिळालो. एक तर नव्या यंत्राचा खर्च यंदा झेपण्यासारखा नव्हता. आणि दुसरे म्हणजे त्या संगणकावर माझ्या वडिलांचे काम चालू आहे. कुडाळकडच्या मालवणी बोलीतले शब्द त्यांनी चाळीस वर्षे वह्यांत टिपून ठेवले. 'झील', 'चेडू', 'घोव' असे सर्वांना ठाऊक असलेले थोडे, बाकीचे त्यांच्या आजीबरोबर गेलेले. त्या वह्यांची पाने छायाचित्रे करून संगणकात घेतली आहेत. पान समोर उघडायचे, अण्णांनी अर्थ सांगायचा आणि मी टंकायचा, असा आमचा रविवारचा क्रम. अण्णांचे वय ब्याऐंशी. पान उघडेपर्यंत ते दमतात, आणि कधी कधी तोंडावर आलेला अर्थही निसटून जातो.

दुखणे शोधायला, वाचकहो, वैद्य लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. आमच्या यंत्राचा प्रोसेसर निवांत बसलेला, मेमरी मात्र ९४ टक्के भरलेली!

मेमरीला 'स्मृती' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मराठीच्या मास्तराला तो थोडा खटकतो. वीज गेली की सगळे विसरते, ती कसली स्मृती? दिवाळीच्या दिवसांत गृहिणींना हे चटकन कळेल. हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी आणि मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावर सोऱ्या, करंज्यांचे ताट आणि चिवड्याची परात एकदम मावली नाही, की एक उचलून कोठीत ठेवा, दुसरे आणा, पुन्हा पहिले आणा! संगणकही हेच करतो. कोठी कितीही मोठी असली तरी हेलपाट्यांतच वेळ जातो.

खरी स्मृती म्हणायची ती टिफ्रॅकची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या मुंबईतच घडवलेला हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची मेमरी तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची. अशी कडी वीज गेली तरी विसरत नाहीत! तिच्यात चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे दहा किलोबाइट. आमच्या यंत्रातली चार जी.बी.ची एकच पट्टी त्याच्या चार लाखांहून अधिक पट, आणि तरी आमचे भागेना!

मेमरी विकत घेताना जात पाहावी लागते. जुन्या यंत्रांत बहुधा डीडीआर३ असते, २४० पायांची. त्यानंतरच्या डीडीआर४ला २८८ पाय, आणि मधली खाच दुसऱ्या जागी. ती बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, तीही चालत नाही. शिवाय विंडोज ३२ बिटांची असेल तर चार जी.बी.च्या पलीकडची मेमरी तिला वापरता येत नाही. आमची ६४ बिटांची निघाली.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार म्हणाले, "साहेब, जुनी पट्टी आणलीत हे बरं केलंत. लेबल वाचलं की काम झालं." लेबलावर 'पीसी३-१२८००' होते. त्याच जातीची, तेवढ्याच क्षमतेची वापरलेली पट्टी त्यांनी माझ्यासमोर यंत्रात चालवून दाखवली. जुळी पट्टी असली की दोन्हींकडून एकदम काम घेता येते. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळच.

बसवण्याचे काम चिरंजीवांनी केले. भंगाराचा आग्रह धरणाऱ्यानेच! वायर काढली, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, जुन्या पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली. खाच जुळवून दोन्ही टोके दाबली, तशा कडेच्या पकडी 'टक्' करून मिटल्या. पडद्यावर आठ जी.बी. दिसले. वहीचे पान आता अण्णांनी चष्मा चढवेपर्यंत उघडते. पहिल्या रविवारी आम्ही एकवीस शब्द उरकले. पूर्वी सहा-सात होत.

यामुळे यंत्र तरुण झाले, असे मात्र कोणी समजू नये. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. म्हणून या संगणकावरून बँकेचे व्यवहार आम्ही बंद केले आहेत. नाताळच्या सुट्टीत चिरंजीव त्यावर लिनक्स घालणार आहेत. त्याआधी वह्यांच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कांवर काढल्या. एक कपाटात आहे, दुसरी ठाण्याला बहिणीकडे. कोश सध्या 'प'वर आहे.