पट्टा काळा, पण दिला कोणी?

रिसोड असो की मानोरा, आता गावोगावी मुलींना कराटे शिकवणारे सर येतात. चांगलंच आहे. पण बॅनरवर ‘ग्रँडमास्टर, सातवा डॅन’ असं लिहिलेलं असतं, आणि आपण फी भरून मोकळ्या होतो. हा डॅन म्हणजे काय, ते आज पाहू.

डॅन म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पायऱ्या. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८३ साली ज्यूदोत त्या सुरू केल्या. कराटेत फुनाकोशी यांनी पहिले डॅन दिले ते १९२४ साली. म्हणजे ही काही हजार वर्षांची परंपरा नाही, आणि बी.एड.सारखी सरकारी पदवी तर नाहीच. ज्याची त्याची संस्था पट्टा देते. उद्या एखाद्यानं स्वतःच संस्था काढली, स्वतःच अध्यक्ष झाला आणि स्वतःलाच दहावा डॅन दिला, तर त्याला अडवणार कोण? कागदावर ‘राष्ट्रीय’ किंवा ‘इंटरनॅशनल’ छापलं म्हणूनही भुलू नका. कराटे असोसिएशन ऑफ इंडिया या देशपातळीवरच्या संघटनेची मान्यतासुद्धा भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं २०२० साली काढून घेतली होती.

तायक्वांदोचं थोडं सोपं आहे. त्याची डॅन प्रमाणपत्रं कोरियातल्या सोल शहरातलं कुक्कीवॉन देतं आणि त्यांचा नंबर तपासता येतो. तिथं पंधरा वर्षांखालच्या मुलांना डॅन नाही, ‘पूम’ मिळतो. दहा वर्षांच्या पोरीला कोणी तायक्वांदोचा डॅन देऊ लागलं, तर तिथंच विचारा.

आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं आपले देशी व्यायामप्रकार दाखवले. आपल्या आखाड्यातल्या वस्तादाला कोणी पट्ट्याचा रंग विचारत नव्हतं. त्याचे पठ्ठे कसे लढतात, ते गाव बघायचं.

पैशाचा मुद्दा खरा पुढे आहे. “बेल्ट घ्या, नोकरीत पाच टक्के आरक्षण मिळेल,” असं सांगून परीक्षेची फी मागतात. आपल्या राज्यात खेळाडूंना ते आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेत मिळवलेल्या यशावर. ते प्रमाणपत्रही क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. नुसता बेल्टचा कागद तिथं चालत नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत सरांना बोलवा. पट्टा कोणी दिला, कोणत्या साली, त्यांचे गुरू कोण, हे विचारा. वाशिमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही चौकशी करा. खरा शिक्षक रागावत नाही, कागद काढून दाखवतो. आणि सर कितव्याही डॅनचे असोत, वर्ग चालू असताना दार उघडं राहील आणि गटातली एक बाई तिथं बसेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. मुलीनं काही वावगं सांगितलं, तर १०९८ ला फोन लावा.