एकाच वर्गात बसण्याचा हक्क
9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याचे नियम बदलले. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्यातून सूट मिळाली. शहरांमध्ये या सुटीत न बसणारी खासगी शाळा शोधूनच काढावी लागली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, 19 जुलैला तो रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. मात्र शेजारी सरकारची शाळा असताना या जागांसाठी सरकारने खासगी शाळेला पैसे का मोजायचे, हा त्यामागचा प्रश्न आजही अनेकांना पटतो.

या प्रश्नात पंचवीस टक्के जागा म्हणजे केवळ अपुऱ्या शाळांवरचा उपाय, असे गृहीत धरलेले आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचा हेतू त्याहून मोठा होता. ऐपतीप्रमाणे मुलांची विभागणी होऊ नये, एका परिसरातली मुले एकाच शाळेत शिकावीत, हा आग्रह कोठारी शिक्षण आयोगाने 1966 सालीच धरला होता. तो आपण पाळला नाही. पंचवीस टक्के हा त्याचा उरलेला एक छोटा अंश. गरीब मुले आल्याने वर्गाचा दर्जा घसरतो, ही भीती पालकांमध्ये खोलवर आहे. दिल्लीतल्या महागड्या शाळांमध्ये अशी मुले आल्यावर काय घडले, यावर अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचा अभ्यास 2019मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांत फरक पडला नव्हता, इंग्रजीत किंचित घट दिसली. मात्र तीच मुले अधिक उदार झाली होती आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली होती. इंग्रजीच्या त्या थोड्या गुणांपेक्षा मला ही कमाई फार मोलाची वाटते.

हाच पैसा जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांवर खर्च करावा, हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. त्या शाळा सुधारायलाच हव्यात, कारण बहुसंख्य गरीब मुले तिथेच शिकणार आहेत. पण कायद्यानुसार खासगी शाळेला मिळते ती शाळेची फी किंवा सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च, यांतली कमी असलेली रक्कम. महाराष्ट्रात तिची मर्यादा वर्षाला 17,670 रुपये आहे. म्हणजे सरकारने आपल्या शाळेत त्या मुलावर केला असता, त्याहून जास्त खर्च इथे होतच नाही. संस्थाचालकांची तक्रार आहे ती हे पैसे वर्षानुवर्षे थकतात याची, आणि ती रास्त आहे. मात्र तिचे उत्तर थकबाकी वेळेवर चुकती करणे हे आहे; मुलांचे प्रवेश बंद करणे नव्हे.

तरतुदीतला खरा दोष वेगळाच आहे. मोफत शिक्षण आठवीला संपते. सोडतीत नंबर लागून पहिलीत आलेल्या मुलासमोर नववीत पूर्ण फी उभी राहते, आणि ती न परवडल्यास दहावीच्या उंबरठ्यावर शाळा बदलावी लागते. शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यही त्यावर कायदा करू शकते. त्यामुळे नववी-दहावीचा भार उचलण्यासाठी महाराष्ट्राने केंद्राच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.