ट्रॉली भरलेली, परवाना हलका
कापूस वेचणीला आला की देवळी, पुलगावकडून हिंगणघाटच्या वाटेला ट्रॉल्या लागतात. चालकाच्या खिशात हलक्या वाहनाचा परवाना, मागे गच्च भरलेली ट्रॉली. तो पुरतो का? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. मेख मोजण्यात आहे. मालवाहू गाडीचे मालासह कमाल वजन धरतात, ट्रॅक्टरचे मात्र रिकामे. ट्रॉली जोडली तरी ट्रॅक्टर ट्रॅक्टरच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी प्रकरणात मानले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने याच मर्यादेतल्या मालवाहू गाड्यांनाही हलका परवाना पुरेसा ठरवला. अपघातानंतर विमा कंपनीचे पहिले बोट परवान्यावर पडते आणि भरपाई अडते ती गेलेल्याच्या घरच्यांची. परवाना पुरतो, म्हणून ट्रॉली कितीही भरावी असे मात्र नव्हे.