भंडाऱ्यावर आकाशातला डोळा

ऑगस्ट २०२० चा शेवटचा वीकेंड आठवतोय? वर्क फ्रॉम होममुळे पुण्या-मुंबईची कितीतरी मंडळी लॅपटॉप घेऊन भंडाऱ्यात घरी आलेली, आणि वैनगंगा थेट शहरात शिरली! मुसळधार कोसळलं होतं वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं, खाली गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले. पाऊस शेजाऱ्याकडे, पूर आपल्या घरात!

मग इतके सॅटेलाइट्स काय करत होते, असा प्रश्न पडतोच. तर साध्या कॅमेऱ्याच्या सॅटेलाइटला पावसाळ्यात दिसतात फक्त ढग. खरा हीरो आहे रडार. तो स्वतःच लहरी सोडतो. ढग असोत की मध्यरात्र, त्याला फरक पडत नाही. सपाट पाण्यावरून लहरी दुसरीकडेच निसटतात, म्हणून फोटोत पाणी काळंभोर दिसतं. पुराआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवायचा, की झाला नकाशा.

इतकं सोप्पं? भंडाऱ्यात नाही! हा धानाचा जिल्हा. रोवणीनंतर ऑगस्टमध्ये बांध्या तशाही पाण्याने भरलेल्याच असतात. त्यामुळे शेतातलं हक्काचं पाणी कुठलं आणि पुराचं कुठलं, यात कॉम्प्युटरही गंडू शकतो. आणि नुकसानभरपाईचा पंचनामा तर नेमका याच फरकावर अडतो.

इथे ‘निसार’ कामी येऊ शकतो. इस्रो आणि नासाचा हा सॅटेलाइट ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या एका रडारच्या लांब लहरी पिकाच्या पानांतून आत शिरतात, खालचं पाणी टिपतात. (हेच तंत्र ज्वालामुखीवर वापरतात. आत लाव्हारस चढला की जमीन काही सेंटीमीटर फुगते, तेही रडारला कळतं. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पण वैनगंगा पुरेशी आहे!)

पण एक लोचा आहे. निसारची तीच कक्षा पुन्हा येते १२ दिवसांनी. मधल्या वेगळ्या फेऱ्या धरल्या, तरी पूर काही त्याची वाट बघत थांबत नाही. दर अर्ध्या तासाला ढग दाखवतो तो इन्सॅट, पण नदी किती फूट चढली हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी आजही कारध्याला वैनगंगेची पातळी मोजावी लागते. आणि शिवनीहून पाणी सुटल्याचा निरोप भंडाऱ्याला वेळेत यावा लागतो, फोनवर.