आधी नाव, मग नमुना
प्रोग्रॅमिंगमधल्या फंक्शनची माहिती कोणत्या क्रमाने मांडायची, याचा टिकाऊ साचा अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये बसला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ची. पानावर आधी नाव, मग वापराचा नमुना, नंतर वर्णन. नमुन्यातला अधोरेखित शब्द तेव्हा जसाच्या तसा टाइप करायचा असे. चौकोनी कंसातला गाळला तरी चाले. एवढे संकेत अंगवळणी पडले की अनोळखी पानही झरझर वाचता येई. सर्वांत प्रामाणिक मथळा मात्र ‘बग्ज’: आपल्याच प्रोग्रॅमचे माहीत असलेले दोष तिथे उघड मांडायचे. आजही लिनक्सवर ‘मॅन ३ प्रिंटएफ’ ही आज्ञा दिली की प्रिंटएफ या फंक्शनचे पान नाव, नमुना, वर्णन याच क्रमाने समोर येते.