ज्यांना घडवले, त्यांनीच घालवले

१० मार्च १९८५ची रात्र आपल्याकडचे क्रिकेटप्रेमी विसरलेले नाहीत. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर पाकिस्तानला हरवून भारतीय संघ रवी शास्त्रीला बक्षीस मिळालेल्या ऑडी मोटारीवर चढला आणि त्या प्रचंड मैदानाला फेरी घालून आला. पण मेलबर्नच्या माणसाला हे मैदान सर्वांत जवळचे वाटते ते हिवाळ्यात. थंडी सुरू झाली की स्टंप उचलले जातात, मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात आणि तेथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल सुरू होतो.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी या खेळाचे नाते नावापुरतेच आहे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, मैदान क्रिकेटचेच आणि प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येते, मात्र फेकता येत नाही. तो लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये हाही त्यामागचा एक हेतू होता.

त्यामुळे उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल खेळणारी माणसे तेथे पुष्कळ झाली. जॅक वॉरल त्यांतलाच. सोन्याच्या खाणींच्या मुलखात, मेरिबरो गावाजवळ त्याचा जन्म झाला. अंगाने बुटका पण भरदार असलेला हा तरुण १८८४ साली फिट्झरॉय या नव्याच निघालेल्या क्लबकडून फुटबॉल खेळू लागला. दोन वर्षांत तो कर्णधार झाला आणि १८९२पर्यंत ते पद त्याच्याकडेच राहिले. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्याची गणना होत असे.

इतरांच्या बंडामुळे मिळालेली संधी

क्रिकेटच्या कसोटी संघात तो आला ती कहाणी मोठी गमतीची आहे. १८८४-८५च्या हंगामात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला होता. दुसऱ्या कसोटीच्या तिकीटविक्रीतला निम्मा वाटा आपल्याला मिळावा, अशी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी मागणी केली. ती फेटाळली गेली तेव्हा आधीचे अकराच्या अकरा खेळाडू बाहेर राहिले. मग आयत्या वेळी नवा संघ उभा करावा लागला. त्यातले नऊ जण आयुष्यात पहिल्यांदाच कसोटी खेळणार होते, आणि त्या नवांत वॉरल होता. १ जानेवारी १८८५ रोजी, मेलबर्नच्या याच मैदानावर तो कसोटी क्रिकेटमध्ये उतरला. ऑस्ट्रेलिया दहा गडी राखून हरली, ही गोष्ट वेगळी!

पुढे १८९९पर्यंत तो एकूण ११ कसोटी सामने खेळला. १८८८ आणि १८९९ असे इंग्लंडचे दोन दौरे त्याने केले. १८९९ साली लीड्सला ऑस्ट्रेलियाचा डाव १७२ धावांत आटोपला, त्यांत वॉरलच्या एकट्याच्या ७६ होत्या. क्लबच्या क्रिकेटमध्ये तर त्याने १८९६ साली कार्लटनकडून नाबाद ४१७ धावा कुटल्या होत्या.

परंतु आज ऑस्ट्रेलियात वॉरलचे नाव घेतले जाते ते या धावांसाठी नव्हे. १९०२ साली कार्लटनच्या फुटबॉल क्लबने त्याला चिटणीस म्हणून नेमले. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही स्पर्धा १८९७ साली आठ क्लबांनी सुरू केली होती आणि पहिल्या पाच वर्षांत कार्लटनला डोके वर काढता आले नव्हते. चिटणिसाचे काम म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब आणि सामन्यांची व्यवस्था. खेळाडूंचा सराव पाहायचा तो कर्णधाराने, तोही त्याला जमेल तसा. वॉरलला हे पटेना. त्याने सरावाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. कोणी कोठे उभे राहायचे, कोणी प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या खेळाडूला चिकटून राहायचे, हे तो ठरवू लागला. मैदानाबाहेर राहून संघ चालवणारा माणूस त्या लीगने यापूर्वी पाहिला नव्हता. लीगचा पहिला प्रशिक्षक म्हणून आज त्याचीच नोंद आहे.

त्याची शिस्त कडक होती. दिवसभर कामधंदा करून आलेल्या मुलांना तो पळवून पळवून घामाघूम करी. दारू आणि फुटबॉल एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्याचे ठाम मत होते. गावोगाव नजर ठेवून तो धिप्पाड, दणकट पोरे हेरून आणी. फळ लगेच मिळाले असे नाही, पण १९०६ साली कार्लटनने अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यात ४९ गुणांनी हरवले कोणाला, तर फिट्झरॉयला, म्हणजे वॉरलच्याच जुन्या क्लबला! १९०७ साली साउथ मेलबर्नला अवघ्या ५ गुणांनी आणि १९०८ साली एसेंडनला ९ गुणांनी हरवून कार्लटनने सलग तिसरे अजिंक्यपद मिळवले. तोपर्यंत लीगमध्ये कोणत्याही क्लबला हे साधले नव्हते. १९०८च्या संपूर्ण हंगामात कार्लटन फक्त एक सामना हरले.

यशाच्या शिखरावर असताना

आणि नेमके येथेच बिनसले. तीन वर्षे जिंकत आलेल्या खेळाडूंना आता तो सराव जाचक वाटू लागला. वॉरलच्या जिभेला हाड नव्हते. चुकणाऱ्याला तो सर्वांदेखत फाडून काढी. हरणाऱ्या संघाची मुले हे मुकाट्याने सोसतात, जिंकणारी सोसत नाहीत. शिवाय पैशाचा प्रश्न होताच. नियमाने सगळे खेळाडू हौशी, म्हणजे विनामोबदला खेळणारे होते. प्रत्यक्षात आडून पैसे दिले जात, हे सर्वांना ठाऊक होते. कोणाला किती मिळाले यावरून कुजबुज चाले आणि क्लबचा कारभार पाहणारा चिटणीस म्हणजे वॉरलच!

१९०९ साली हंगाम निम्म्यावर आला असताना खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध बंड केले. वॉरलने प्रशिक्षकपद सोडले. वर्षअखेर त्याचे चिटणीसपदही गेले आणि जुन्या कार्यकारिणीलाही सभासदांनी घरी बसवले. इतरांनी पैशासाठी केलेल्या बंडामुळे ज्याला पहिली कसोटी मिळाली, त्याच्यावर चोवीस वर्षांनी स्वतःच्याच खेळाडूंचे बंड उलटले. दोष एकाच बाजूचा होता असे म्हणता येत नाही. मोठ्या माणसांना शाळकरी पोरांसारखे वागवण्यालाही काही मर्यादा असते.

वॉरल गेल्यावर कर्णधार फ्रेड एलियटने संघ सांभाळला. कार्लटन त्या वर्षीही अंतिम सामन्यापर्यंत पोचले, पण साउथ मेलबर्नकडून २ गुणांनी हरले. १९१० साली तर या क्लबच्या काही खेळाडूंवर पैसे घेऊन हरण्याचा आरोप आला आणि दोघांवर तब्बल ९९ सामन्यांची बंदी घातली गेली.

वॉरल मात्र घरी बसला नाही. ज्या एसेंडनला त्याने १९०८ साली हरवले होते, त्याच क्लबने १९११ साली त्याला बोलावून घेतले. पहिल्याच वर्षी एसेंडन अजिंक्य ठरले, १९१२ साली पुन्हा ठरले. खेळाडूंना उघडपणे मानधन देण्यास लीगने परवानगी दिली ती याच १९११ साली. हा निर्णय दोन वर्षे आधी झाला असता, तर कार्लटनमधली निम्मी भांडणे मिटली असती. महायुद्धामुळे १९१६ आणि १९१७ साली एसेंडनचा संघ उतरलाच नाही. १९१८ साली तो पुन्हा उभा राहिला तेव्हा प्रशिक्षक म्हणून वॉरलच परत आला आणि १९२०पर्यंत राहिला.

त्यानंतरचे आयुष्य त्याने लेखणीवर काढले. ‘द ऑस्ट्रेलेशियन’ या साप्ताहिकात तो क्रिकेट आणि फुटबॉलवर लिहीत असे. लेखणीही जिभेसारखीच तिखट होती. १९३२-३३ साली इंग्लंडचे गोलंदाज ब्रॅडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या अंगावर चेंडू टाकू लागले. त्या माऱ्याला ‘बॉडीलाइन’ हे नाव कोणी दिले यावर अजूनही वाद आहे. ज्या दोघा-तिघा पत्रकारांकडे त्याचे श्रेय जाते, त्यांत वॉरल आहे.

१७ नोव्हेंबर १९३७ रोजी मेलबर्नमध्ये तो वारला. १९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ स्थापन झाले तेव्हा पहिल्याच यादीत त्याचे नाव होते, आणि ते प्रशिक्षकांच्या रकान्यात होते.